मंदीच्या वर्षात मंडळीचा हिशोब: खजिनदार आणि कमिटीसाठी सविस्तर मार्गदर्शक

रविवारची उपासना संपल्यावर चर्चच्या वेस्ट्रीतल्या, म्हणजे उपासनागृहाला लागून असलेल्या खोलीतल्या, टेबलावर अर्पणाच्या थैल्या रिकाम्या केल्या जातात, तेव्हा मोजणाऱ्या दोघांना जे दिसते ते वर्तमानपत्रात यायला अजून दोन-तीन महिने असतात. पाचशेच्या नोटांची थप्पी बारीक होते, शंभराच्या जागी पन्नास आणि वीस दिसू लागतात, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी हमखास येणारी वर्गणीची पाकिटे तिसऱ्या रविवारी, तीही दोन महिन्यांची मिळून एक अशी येतात. एकूण रक्कम अजून फारशी घटलेली नसते, त्यामुळे खजिनदार गप्प राहतो आणि कमिटीला नाताळपर्यंत काही कळत नाही. पुढे जे काही करायचे त्याची सुरुवात या गप्प राहण्याच्या काळातच व्हायला हवी.

हा लेख महाराष्ट्रातल्या शंभर-दोनशे कुटुंबांच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांचे समुदाय, डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) असो, मेथडिस्ट असो वा स्वतंत्र, तिचे अर्थकारण बरेचसे सारखेच चालते: मासिक वर्गणी, रविवारचे अर्पण, सणांची उपकारस्तुतीची अर्पणे, थोडे व्याज, कुठे एखाद्या हॉलचे भाडे. मंदी मात्र सगळीकडे सारखी येत नाही. २०१९ साली वाहनांची विक्री घसरली तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या कामगारांच्या घरी आधी ओव्हरटाइम गेला, मग कंत्राटी पोरांचे काम गेले. मराठवाड्यातल्या गावमंडळीला मंदी हा शब्द ठाऊक नसतो, तिला दुष्काळ ठाऊक असतो. आणि २०२० मध्ये मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत राज्यातली प्रार्थनास्थळे बंदच होती, तेव्हा ज्या मंडळ्यांचे सारे उत्पन्न थैलीतूनच येत होते त्यांचे उत्पन्न एका आठवड्यात जवळपास शून्यावर आले.

बरीच वर्षे मंडळीचा खजिना सांभाळल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. मंदीत मंडळी अडचणीत येते ती बहुधा आपल्याकडचा कोणता पैसा कशासाठी आहे हे वेळेवर न कळल्यामुळे. म्हणून पहिली पायरी काटकसरीची नाही आणि दशांशावरच्या, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देण्यावरच्या, उपदेशाचीही नाही.

पहिली पायरी: हातात खरोखर किती आहे

सगळी पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, महिला मंडळाची वही, संडे स्कूलचा डबा आणि दफनभूमीच्या शुल्काचे पुस्तक एका टेबलावर आणावे आणि प्रत्येक रकमेपुढे ती कोणी, कशासाठी दिली हे लिहावे. यातून तीन ढीग होतात. पहिला सर्वसाधारण निधी, ज्यातून रोजचा खर्च भागतो. दुसरा हेतुबद्ध निधी, म्हणजे देणाऱ्याने इमारतीसाठी, गरिबांसाठी किंवा अन्य ठरावीक कामासाठी दिलेला पैसा. तिसरा कायम निधी, ज्याचे मुद्दल शाबूत ठेवून फक्त व्याज वापरायचे असते.

समजा, एका मंडळीच्या सर्व खात्यांत मिळून ६,४०,००० रुपये दिसतात. कमिटीच्या बैठकीत हा आकडा वाचला की सगळे निर्धास्त होतात. पण त्यात इमारत निधीचे ३,१०,०००, कायम निधीची ठेव १,५०,०००, दफनभूमीचे ४५,०००, महिला मंडळाचे ३८,००० आणि अजून न चुकवलेली बिले २२,००० अशी वजावट केली की खर्चायला उरतात ७५,०००. महिन्याचा खर्च ५८,००० असेल तर उत्पन्न पूर्ण थांबल्यास ही मंडळी एक महिना आणि फार तर नऊ दिवस चालेल. बैठकीत वाचायचा आकडा हा ७५,००० चा आहे.

हेतुबद्ध निधीतही एक फरक बारकाईने पाहावा लागतो. कमिटीने स्वतःच ठराव करून सर्वसाधारण पैशातून काही रक्कम ऑर्गनसाठी बाजूला काढून ठेवली असेल, तर तीच कमिटी नवा ठराव करून ती परत घेऊ शकते. देणाऱ्याने हेतू सांगून दिलेल्या पैशाबाबत हा अधिकार कमिटीला नाही. कॅथलिक चर्चच्या कायद्यात कलम १२६७ मध्ये हे स्पष्टच सांगितले आहे की ठरावीक हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे. आपल्या ट्रस्ट कायद्याचा आणि साध्या प्रामाणिकपणाचा निष्कर्षही वेगळा निघत नाही. त्यामुळे जुन्या इतिवृत्तांची पाने उलटून कोणता निधी कमिटीने केलेला आणि कोणता दात्याचा हे शोधून काढण्यात एक दुपार गेली तरी ती सत्कारणी लागते. कित्येकदा असे चाळीस-पन्नास हजार मोकळे होतात.

दात्याच्या पैशाला हात लावण्याची वेळच आली, तर आधी दात्याकडे जावे आणि लेखी संमती घ्यावी. आमच्या कमिटीने एका वर्षी हे केले नाही. छपरासाठी आलेल्या निधीतून दोन महिन्यांचे पगार दिले गेले, पुढे भरून काढू असे सगळेच म्हणाले, आणि पावसाळ्यात एक म्हातारी बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "भाऊ, माझ्या पाटल्यांचं छप्पर कुठवर आलं?" तिने पाटल्या मोडून ते पैसे दिले होते. ते पैसे परत निधीत भरायला आम्हाला चौदा महिने लागले आणि त्या चौदा महिन्यांत ती एकदाही रागावली नाही, हे जास्त जड गेले.

दुसरी पायरी: वर्षाचे नव्हे, महिन्याचे अंदाजपत्रक

धर्मादाय कार्यालयाला सादर करायचे वार्षिक अंदाजपत्रक आपल्या जागी असू द्यावे. मंदीत उपयोगी पडतो तो बारा रकान्यांचा कागद, ज्यात प्रत्येक महिन्याची अपेक्षित आवक आणि जावक वेगळी लिहिलेली असते. मंडळीची आवक वर्षभर सपाट नसते. शहरात डिसेंबर आणि ईस्टर यांवर बरेच अवलंबून असते. गावात सोयाबीन आणि कापूस विकला गेला की हंगामाच्या सणाचे अर्पण भरते. ज्या गावातली निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते, तिथे दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्यापासून साधारण गुढीपाडव्यापर्यंत बाकांवर म्हातारी माणसे आणि मुलेच असतात. अशा मंडळीने जानेवारीतली घट पाहून घाबरायचे कारण नाही, तिने जानेवारीची तुलना मागच्या जानेवारीशी करावी.

आता वरच्याच मंडळीचा हिशोब पुढे नेऊ. मागच्या वर्षी महिन्याची सरासरी आवक ६६,००० होती, गेल्या तीन महिन्यांची सरासरी ५१,००० आहे. म्हणजे घट जवळजवळ २३ टक्के. खर्च ५८,००० धरला तर दरमहा ७,००० ची तूट पडते आणि ७५,००० रुपये दहा महिने पुरतात. आवक आणखी घसरून ४२,००० वर आली तर तूट १६,००० होते आणि तेच पैसे पाच महिनेही पुरत नाहीत. कमिटीने हे दोन्ही आकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढे निर्णय मांडून ठेवावेत: आवक ५० हजारांच्या खाली सलग दोन महिने राहिली तर कोणते खर्च थांबवायचे, आणि ४५ हजारांच्या खाली गेली तर कोणते. हे शांतपणे आधी ठरवून ठेवले, तर ऐन वेळी वार्षिक सभेत आवाज चढत नाहीत.

तिसरी पायरी: कात्री कुठे लावायची

इथे बहुतेक कमिट्या चुकतात, कारण जो खर्च मोठा दिसतो तोच आधी डोळ्यांत भरतो, आणि मोठा खर्च असतो पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या, पगाराचा. पाळक तक्रार करीत नाहीत, म्हणून त्यांचा पगार "थोडा पुढे" ढकलला जातो. एक महिना, मग दोन. हे खरे पाहता पाळकांच्या घरातून काढलेले बिनव्याजी कर्ज असते आणि ते कोणत्याही वहीत दिसत नाही. पगार कमी करणे खरोखर अटळ असेल तर पाळकांशी बोलून, त्यांच्या संमतीने, ठरावीक मुदतीसाठी आणि लेखी करावे. थकबाकी राहिली तर ती देणे म्हणून ताळेबंदात दाखवावी. राखणदार आणि झाडलोट करणारी बाई यांच्या सात-आठ हजारांना तर हातच लावू नये. त्यांच्या घरी दुसरी आवक नसते.

अनेक धर्मप्रांतांत पाळकांचे पगार मध्यवर्ती कार्यालयातून होतात आणि प्रत्येक मंडळी आपला वाटा तिकडे भरते. असा वाटा थांबवला की त्याची झळ आपल्या पाळकांना क्वचितच बसते. ती बसते पन्नास किलोमीटरवरच्या एखाद्या वाडीतल्या मंडळीला, जिचा पाळक इतरांच्या वाट्यावर उभा असतो. वाटा पूर्ण देता येणार नसेल तर वर्ष संपायची वाट न पाहता कार्यालयाला आकड्यांसह पत्र द्यावे आणि जेवढे जमेल तेवढे दरमहा पाठवत राहावे.

मग कमी काय करायचे? छापील कार्यक्रमपत्रिका, सणाचे मांडव आणि रोषणाई, पाहुण्या वक्त्यांचा प्रवास, भाड्याची ध्वनिव्यवस्था, मंडळीच्या पैशातून होणारी जेवणे. जेवण बंद करू नये, डबे आणावेत. एकत्र जेवण्याचे मोल मंदीत वाढतेच. महावितरणचे बिल एकदा नीट वाचावे, कारण जुन्या काळी घेतलेला मंजूर भार गरजेपेक्षा जास्त असेल तर स्थिर आकारापोटी दर महिन्याला फुकट पैसे जात असतात आणि भार कमी करून घेण्यासाठी एक अर्ज पुरतो.

देखभालीचा खर्च मात्र पुढे ढकलू नये. मिशनच्या काळातल्या दगडी भिंती आणि मंगलोरी कौले असलेल्या चर्चच्या देवळांत मे महिन्याची शाकारणी, म्हणजे छपराची कौले नीट बसवण्याचे काम, चुकली की एका फुटक्या कौलातून वाशावर पाणी मुरते, वासा कुजतो, आणि आठ-दहा हजारांत होणारे काम दोन वर्षांनी लाखांत जाते. अंदाजपत्रकात शाकारणीची ओळ वीजबिलाच्या शेजारी लिहावी, सजावटीच्या शेजारी नव्हे.

चौथी पायरी: मागायचे कसे

मंदीत दशांशावर कठोर उपदेश झाला की ज्यांच्याकडे आहे ते पूर्वीइतकेच देतात आणि ज्यांच्याकडे नाही ते उपासनेला येणे सोडतात. मी हे पाहिले आहे. व्यासपीठावरून देणाऱ्यांची नावे आणि रकमा वाचण्याची प्रथा काही ठिकाणी अजून आहे, ती निदान अशा वर्षांत थांबवावी. आणखी एक गोष्ट कमिटीने मुद्दाम ठरवून टाकावी. अनेक मंडळ्यांत वर्गणी थकली की वार्षिक सभेतला मताधिकार जातो. ज्याची नोकरी गेली आहे त्याला थकबाकीदारांच्या यादीत टाकून गप्प बसवणे ही नियमाची अंमलबजावणी झाली तरी न्याय होत नाही. आपल्या मंडळीच्या घटनेत सवलत देण्याची जी वाट असेल ती शोधून, पाळक आणि दोन वडील सभासद यांच्या शिफारशीवर, नावे जाहीर न करता ती सवलत द्यावी.

मागणे स्पष्ट आकड्यात असावे. "मंडळीची परिस्थिती बिकट आहे, सढळ हाताने द्या" या निवेदनाने कोणी हलत नाही, कारण ते दर वर्षी केले जाते. त्याऐवजी खजिनदाराने उभे राहून असे सांगावे: "आपला महिन्याचा खर्च अठ्ठावन्न हजार आहे. गेले तीन महिने एक्कावन्न हजार येत आहेत. दरमहा सात हजार कमी पडतात. ज्यांची मिळकत चालू आहे अशा पस्तीस घरांनी महिन्याला दोनशे रुपये जास्त दिले तर ही तूट भरते. ज्यांच्या घरी काम थांबले आहे त्यांनी काळजी करू नये, आणि मदत लागली तर पाळकसाहेबांना भेटावे." एवढेच बोलावे आणि बसावे.

पैशाऐवजी वस्तू देण्याची वाट आपल्याकडे जुनी आहे. हंगामाच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, कोंबडी आणि घरचे लोणचे मांडले जाते आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एकच भोपळा तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो परत देतो. ज्या घरात रोख नाही त्या घरालाही या दिवशी मान ताठ ठेवून देता येते. मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन मंडळ्यांतल्या बायका शंभर वर्षांहून अधिक काळ प्रत्येक वेळच्या स्वयंपाकातून मूठभर तांदूळ बाजूला काढून मंडळीसाठी जमा करीत आल्या आहेत आणि त्या मुठीवर तिथले मोठे काम उभे आहे. महिला मंडळाने मनावर घेतले तर ज्वारी-तांदळाचा असा डबा आपल्याकडेही घरोघर ठेवता येईल. ते धान्य विकण्याऐवजी थेट गरजू घरांकडे गेले तर आणखी चांगले.

क्यूआर कोड लावताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे: खाते ट्रस्टच्या नावाचे असावे. खजिनदाराच्या मोबाइल नंबरावर अर्पण घेणे सोयीचे वाटते, पण खजिनदार बदलला, आजारी पडला वा वारला तर मंडळीचा पैसा त्याच्या वारसांच्या हिशोबात जाऊन बसतो. तसेच, ज्या ट्रस्टचे हेतू केवळ धार्मिक आहेत त्याला दिलेल्या दानावर, सगळे ज्याला ८०जी म्हणतात ती करसवलत देणाऱ्याला मिळत नाही. ती मिळते असे सांगून कोणाकडून पैसे घेऊ नयेत.

परदेशातून येणारा पैसा

मंडळी अडचणीत आहे असे कळले की दुबईतला भाचा किंवा न्यू जर्सीतली मुलगी पैसे पाठवायला तयार होते, आणि इथे चूक झाली तर ती महागात पडते. परकीय योगदान नियमन कायदा, २०१० प्रमाणे महत्त्वाचे आहे ते नागरिकत्व, राहण्याचे ठिकाण नव्हे. दुबईतला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवीत असेल, तर ते परकीय योगदान धरले जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावून ठेवावी. न्यू जर्सीतल्या मुलीने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर तिच्याजवळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी तिचे दान परकीय ठरते आणि नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळीला ते घेता येत नाही. नोंदणी असलेल्यांनाही २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चासाठी त्यातले २० टक्क्यांपेक्षा जास्त वापरता येत नाहीत.

परदेशी पैशावर किती टेकायचे हा प्रश्न मराठी मंडळ्यांना नवा नाही. अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत १८१३ मध्ये काम सुरू केले आणि १८५४-५५ साली त्यांच्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन इथे येऊन गेले तेव्हा एतद्देशीय मंडळीने आपला पाळक आपणच पोसावा असा त्यांचा आग्रह होता. अनेकांना तो निष्ठुर वाटला. पण १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या महामंदीने मिशन बोर्डांची अनुदाने आटली आणि समुद्रापलीकडच्या बाजारातली पडझड इथल्या गावातल्या शिक्षक-उपदेशकांच्या पगारापर्यंत येऊन पोहोचली, तेव्हा त्या आग्रहाचा अर्थ कळला.

पाचवी पायरी: जमीन, कर्ज आणि ठेवी

मंदीत दोन माणसे हमखास कमिटीकडे येतात, एक बिल्डर आणि दुसरा जास्त व्याज देणारा. शहराच्या मधोमध असलेले मिशन कंपाउंड बिल्डरला कायमच दिसत असते, पण तो येतो मंडळीच्या हातात पैसा नसताना. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकणे, अदलाबदल करणे, बक्षीस देणे, तसेच शेतजमीन १० वर्षांपेक्षा किंवा बिगरशेती जमीन वा इमारत ३ वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे हे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. शिवाय पुष्कळ मंडळ्यांची जमीन त्यांच्या नावावर नसून मध्यवर्ती ट्रस्टच्या नावावर असते, त्यामुळे स्थानिक कमिटीने केलेला करार मुळातच पोकळ असतो. आधी मालमत्तापत्रक काढून नाव पाहावे. माझे मत विचाराल तर चालू खर्चासाठी जमीन कधीच विकू नये. पगार दर महिन्याला द्यायचा असतो आणि जमीन एकदाच विकता येते. हॉल शिकवणी वर्गाला किंवा शिवणवर्गाला अकरा महिन्यांच्या कराराने देणे हा त्याहून पुष्कळ बरा मार्ग आहे.

कर्जाबद्दलही कायदा कडक आहे. कलम ३६अ नुसार विश्वस्ताला ट्रस्टसाठी गहाण ठेवून किंवा अन्य प्रकारे कर्ज काढायचे तर साधारणपणे आयुक्तांची आधी मंजुरी लागते. आपल्याकडे सज्जन खजिनदार "सध्या मी पदरचे घालतो, नंतर बघू" म्हणून वीजबिल भरतात, तेही तांत्रिकदृष्ट्या कर्जच होते आणि दोन वर्षांनी कोणी किती घातले यावर वाद होतो. द्यायचेच असेल तर अर्पण म्हणून द्यावे, पावती घ्यावी आणि विसरून जावे.

ठेवी कायद्याने मान्य केलेल्या ठिकाणीच असाव्यात. पतसंस्था एक-दोन टक्के जास्त देते हे खरे, पण पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नसते. बँकेतही ते संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा तर ही मर्यादा १ लाखाचीच होती.

सहावी पायरी: गरीब निधी वाढवायचा

हे उलटे वाटेल, पण आवक घटत असताना एक ओळ वाढवावी लागते, ती मदतीची. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी कुरकुर केली ती त्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते म्हणून. आणि त्यावर प्रेषितांनी सात माणसे निवडून ते काम त्यांच्याकडे सोपवले. पाळकांनी एकट्याने खिशातून पाचशे-हजार काढून देण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, तिच्यात दोष पाळकांचा नसतो, पण ज्याला मागता येते त्यालाच मिळते. तीन जणांची छोटी समिती असावी, त्यात किमान एक स्त्री असावी, आणि समितीने आपणहून घरे गाठावीत.

मदत शक्यतो थेट करावी: मुलाची फी शाळेत भरावी, किराणा दुकानातल्या उधारीवर रक्कम टाकावी, औषधाचे बिल द्यावे. नावे समितीच्या बंद वहीत असावीत आणि वार्षिक अहवालात फक्त "अकरा कुटुंबे, इतके रुपये" एवढेच यावे. सभासदांना मंडळीच्या पैशातून उसने देऊ नये. उसने घेतलेला माणूस परत करता आले नाही की उपासनेला येईनासा होतो, मग पैसाही जातो आणि माणूसही.

सातवी पायरी: मोजणी, वह्या आणि सूचनाफलक

पैसा कमी असतो तेव्हा संशय जास्त असतो. अर्पण नेहमी दोघांनी मोजावे, ते एकमेकांचे नातेवाईक नसावेत, नोटांचा तपशील लिहून दोघांच्या सह्या तिथेच व्हाव्यात, आणि रक्कम सोमवारी बँकेत जावी. त्याच पैशातून पेट्रोल, फुले वा चहा असा परस्पर खर्च करून उरलेली रक्कम भरणे ही सवय मोडावी. आवक पूर्ण बँकेत, खर्च वेगळा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास तो खर्च प्राप्तिकराच्या दृष्टीने धर्मादाय विनियोग म्हणून धरला जात नाही, त्यामुळे छपराच्या मिस्त्रीलाही धनादेश किंवा ऑनलाइन पैसे द्यावेत. विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल दाखल करावा, नाहीतर ऐन गरजेच्या वेळी बँक सह्या स्वीकारत नाही.

महिन्याचा एक पानी हिशोब सूचनाफलकावर लावावा: आवक, जावक, सर्वसाधारण निधीची शिल्लक, हेतुबद्ध निधींची वेगळी शिल्लक. प्रेषित पौलाने यहूदियातल्या गरजू मंडळीसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती रक्कम एकट्याने नेली नाही; मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली आणि कोणी दोष देऊ नये म्हणून आपण ही खबरदारी घेतो असे करिंथच्या मंडळीला कळवले. प्रेषिताला जे जरुरीचे वाटले ते खजिनदाराला अपमानास्पद वाटायचे कारण नाही. वसईच्या किंवा मुंबईच्या कॅथलिक वाचकांना हे परिचित असेल, कारण त्यांच्या कायद्याच्या कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थसमिती असावीच लागते.

पुढच्या मंदीसाठी राखीव निधी

धर्मादाय ट्रस्टला ८५ टक्के उत्पन्न खर्चावेच लागते, म्हणून शिल्लक ठेवता येत नाही, असा समज मी अनेक कमिट्यांत ऐकला आहे. नियम आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. उरलेले १५ टक्के कोणतेही कारण न देता बाजूला ठेवता येतात; त्याहून जास्त ठेवायचे तर ठरावीक हेतू आणि कमाल ५ वर्षांची मुदत सांगून विहित अर्ज वेळेत भरावा लागतो. नवा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलतात, तेव्हा जुन्या फाइलमधला नमुना तसाच न वापरता ऑडिटरला विचारून भरावा.

फारोच्या धान्यकोठारांत योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवला. आपल्याला पाचवा जमणार नाही, पण वरच्याच मंडळीचे चांगल्या वर्षाचे उत्पन्न ७,९२,००० धरले तर त्याचे १५ टक्के होतात १,१८,८००, आणि अशी तीन वर्षे गेली की ३,५६,४०० रुपये जमतात. सहा महिन्यांच्या खर्चाला लागतात ३,४८,०००. ही रक्कम एकाच पावतीत अडकवू नये, नाहीतर दहा हजारांची गरज पडली तरी सगळी ठेव मोडून व्याज घालवावे लागते. चार पावत्या कराव्यात, दर तीन महिन्यांनी एक पिकेल अशा बेताने, आणि त्यातली एक एप्रिलअखेरीस पिकावी, म्हणजे शाकारणीचा मिस्त्री मेमध्ये शिडी लावतो तेव्हा त्याचे पैसे तयार असतात.